हत्तिणीचे नेतृत्व आणि आपली कला

2025 च्या सप्टेंबर महिन्यात सिंधुदुर्गातून खाली उतरलेला एक तरुण सुळेवाला हत्ती आमच्या पेडणे तालुक्यात शिरला. मोपा, तांबोसे, उगवे, तोरसे या बाजूस तो काही दिवस हिंडला. पोटरीला आलेले भात तुडवले गेले, केळी व पोफळी मोडल्या, रात्री फटाके वाजू लागले. पुढे तो पुन्हा सिंधुदुर्गाच्या बाजूस वळला. लोकांनी त्याला ‘ओंकार’ म्हणून ओळखले आणि त्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. तो ज्या कळपातून फुटून आला, त्या तिलारी खोऱ्यातील कळपात एक पोक्त हत्तीण आहे. तिचे नाव आम्ही पुष्कळांस विचारले. ज्यांना विचारले त्यांपैकी प्रत्येकाने ‘ती मादी’ एवढेच सांगितले.

याच सुमारास आमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली व मुलांनी आग्रहाने ‘रानातले हत्ती’ हा विषय मागून घेतला. आलेल्या चित्रांपैकी बहुतेक एकाच साच्याची होती : मध्यभागी एक प्रचंड गज, चंद्रकोरीसारखे दोन सुळे, सोंड उंचावलेली. एकाने तर त्याच्या पाठीवर अंबारीही चढवली होती. सातवीतील एका मुलीचे चित्र मात्र निराळे होते. तिने सात हत्ती काढले होते. सुळे होते एकालाच, आणि तो कागदाच्या कडेला अर्धा बाहेर गेलेला. मध्ये एक फाटक्या कानांची, बिनसुळ्याची हत्तीण, तिच्या पोटाखाली पिल्लू, आणि बाकीच्यांची तोंडे कमीअधिक तिच्याकडे वळलेली. चित्रकलेच्या शिक्षकांनी या चित्रास ‘क’ श्रेणी दिली व शेरा लिहिला : “हत्तींना सुळे नाहीत. मुख्य आकृती कोणती हे कळत नाही.” त्या शेऱ्याखाली मुख्याध्यापक म्हणून आम्ही सही केली.

नंतर मुलीला बोलावून सहज विचारले, “यांतला म्होरक्या कोणता गो?” तिने मधल्या हत्तिणीवर बोट ठेवले व म्हणाली, “सर, ही. सगळीं तिचेकडेन पळयतात न्हय?” तिचे आजोळ तिलारीच्या अंगाला आहे आणि मामाच्या माळ्यावरून तिने कळप जाताना पाहिला होता. ती गेल्यावर आम्ही तो शेरा पुन्हा वाचला. मुख्य आकृती कळत नाही ही तक्रार चित्राबद्दल होती की आमच्या पाहण्याबद्दल, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तोच आहे.

आमच्या हाती हत्ती आले ते बहुतांशी ग्रंथांतून, आणि ग्रंथांतील कळपाला नेहमी नर मुख्य असतो. संस्कृताने त्यासाठी यूथप, यूथनाथ, यूथपती असे शब्द घडवले. त्यांचे स्त्रीलिंगी रूप कोणी सहसा वापरल्याचे आमच्या वाचनात नाही. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्र हा हत्तिणींच्या मेळाव्यात क्रीडा करणारा राजा आहे. नक्राने पाय धरल्यावर त्याचा गोतावळा काठावर असहाय उभा राहतो आणि सुटका होते ती त्याने केलेल्या स्तुतीमुळे. हे आख्यान आमच्याकडे कीर्तनांतून कितीदा तरी रंगले. आम्हीही ते वर्गात वर्षानुवर्षे डोळ्यांत पाणी आणून शिकवले, आणि भक्तिकथा म्हणून त्याचे मोल आजही आमच्या लेखी कमी नाही. अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत चितारलेल्या छद्दंत जातकातही सहा सुळ्यांचा नरच अधिपती आहे आणि हत्तिणी या त्याच्या राण्या आहेत. एकीचा मत्सर हे कथेचे बीज. राजवाड्याची घडी रानावर बसवली की जे व्हायचे तेच येथे झाले आहे.

कौटिल्य काव्य करीत नव्हता, तो हिशेब लिहीत होता, म्हणून त्याची साक्ष अधिक बोलकी. रानहत्ती पकडण्यासाठी पाच किंवा सात माणसाळलेल्या हत्तिणी बरोबर न्याव्यात असे तो सांगतो, म्हणजे हत्तीण हे आमिष. त्याच वेळी गाभण व दूध पाजणारी हत्तीण पकडू नये असाही नियम त्याने घातला आहे. तिची उपयुक्तता दोन्हीकडून ओळखलेली आहे, अधिकार मात्र कोठेच ओळखलेला नाही. कामशास्त्रकारांनी स्त्रियांचे चार वर्ग पाडले, त्यांत ‘हस्तिनी’ सर्वांत खालची. आमच्या मराठीत ‘हत्तीण’ हा शब्द वर्गातील एखाद्या स्थूल मुलीला रडवण्यासाठी वापरला जातो, हे येथे सांगण्याची गरज नाही, शिक्षकांस ते ठाऊक आहे. चालीपुरती मात्र स्तुती : गजगामिनी. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी 2000 साली याच नावाचा चित्रपट काढला. त्यात चाल आहे, स्त्रीची अनेक रूपे आहेत. जिच्यावरून ते नाव आले ती हत्तीण मात्र उपमेपुरतीच उरली.

आता रानात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. हत्तींचा कळप हा मुख्यत्वे माद्यांचा व पिल्लांचा असतो. आजी, मावश्या, मुली, नाती. नर वयात येऊ लागला की दहा-पंधरा वर्षांच्या सुमारास कळपातून बाहेर पडतो आणि एकटा किंवा इतर नरांच्या संगतीत राहतो. म्हणजे आमच्या गावांतून जो हिंडला तो कळपाचा राजा नव्हे, तर घराबाहेर पडलेला मुलगा. केनियातील अंबोसेली येथे सिंथिया मॉस यांनी 1972 पासून हत्तींची कुटुंबे ओळखून त्यांची नोंद ठेवली. तेथील ‘एको’ नावाच्या हत्तिणीने 2009 मध्ये मरेपर्यंत आपले कुटुंब चालवले. त्याच कळपांवर कॅरन मकॉम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्यावर ओळखीचा आवाज कोणाचा व परका कोणाचा हे वृद्ध हत्तिणीच्या कुटुंबांना अधिक चांगले कळते आणि त्या कुटुंबांत पिल्लेही अधिक होतात, असे त्यांना आढळले. टांझानियातील तारांगिरे येथे 1993 साली मोठा दुष्काळ पडला. अभ्यासाखालील 81 पिल्लांपैकी 16 नऊ महिन्यांत मेली. जे कळप उद्यान सोडून दूर गेले त्यांची हानी कमी झाली. त्यांत अशा हत्तिणी होत्या ज्यांनी 1958 ते 1961 चा दुष्काळ लहानपणी पाहिला असावा. जो कळप जागीच राहिला त्यातील वृद्ध माद्या पूर्वीच शिकाऱ्यांनी मारल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणजे काय असते, हे याहून कठोर आकड्यांत सांगता येणे कठीण आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हे सर्व ज्ञान आफ्रिकेतील हत्तींचे आहे. श्रीलंकेतील उडा वलवे येथे शर्मिन डी सिल्वा यांनी आशियाई हत्तिणींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात आफ्रिकेइतकी ठळक उतरंड दिसली नाही. सोबती बदलतात, गट जुळतात व सुटतात, एकीचेच वर्चस्व सर्वत्र चालते असे नाही. उत्साहाच्या भरात आपण आफ्रिकेची राणी उचलून तिलारीत बसवली, तर यूथपतीच्या जागी यूथराज्ञी आणल्यासारखे होईल. सिंहासन तेच, बसणारी निराळी. आमच्याकडील हत्तिणीचे पुढारपण त्याहून सौम्य, त्याहून वाटून घेतलेले आणि म्हणूनच डोळ्यांस त्याहून कमी दिसणारे आहे. कलेपुढची अडचण यामुळे वाढते.

ती अडचण अशी. अधिकार दाखवण्यासाठी चित्रकाराजवळ व शिल्पकाराजवळ ठरावीक खुणा असतात : मोठा आकार, उंच आसन, पुढचे स्थान, शस्त्र. आमच्या हत्तिणीजवळ यांपैकी काहीच नाही. तिला लांब सुळे नाहीत, नराहून ती लहान आहे, आणि ती सदैव पुढेच चालते असेही नाही. तिचे नेतृत्व तिच्या अंगावर कोठे लिहिलेले नसते. ते दुसऱ्यांच्या वागण्यात असते : ती थांबली की थांबणे, ती वळली की वळणे. तेव्हा हत्तिणीचा गौरव करू पाहणाऱ्या कलाकृतीने तिला किती भव्य केले हे विचारण्यात हशील नाही. भोवतालच्यांना तिच्याकडे कसे वळवले, हे विचारले पाहिजे. या कसोटीवर काही नामांकित कृती तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

महाबलीपुरमच्या प्रचंड शिलापटावरील हत्ती घ्या. भारतीय शिल्पात याहून जिवंत हत्ती क्वचितच सापडतील. पायांशी घुटमळणारी पिल्ले पाहिली की शिल्पकाराने कळप डोळे भरून पाहिला होता याबद्दल शंका राहत नाही. तरीही सर्वांत पुढे व सर्वांत मोठा सुळेवाला नर आहे आणि हत्तीण त्याच्या पाठीमागे. पिल्ले बापाच्या पोटाखाली. डोळ्याने पाहिले ते एक, आणि संकेताने कोरायला लावले ते दुसरे. पल्लव शिल्पकाराला आम्ही यासाठी ‘क’ श्रेणी देणार नाही, परंतु आमच्या शाळेतील मुलीने त्याच्यापेक्षा एक गोष्ट अधिक पाहिली एवढे नोंदवणे भाग आहे.

अजिंठ्याचे मातृपोषक जातक याहून आमच्या विषयाच्या जवळचे. सतराव्या लेण्यात ते चितारलेले आहे. आंधळ्या म्हाताऱ्या आईला सांभाळणारा पांढरा हत्ती काशीच्या राजाच्या हाती लागतो. गजशाळेत त्याच्यापुढे उत्तम चारा येतो, पण तो तोंड लावत नाही, कारण रानात आई उपाशी आहे. राजा त्याला सोडतो आणि मायलेकरांची भेट होते. या कथेत म्हातारी हत्तीण जवळजवळ काहीच करीत नाही. ती दिसत नाही, बोलावत नाही, तिला दिसतही नाही. आणि तरी राजवाड्यात उभ्या असलेल्या त्या बलाढ्य प्राण्याचे तोंड तिच्याकडे वळलेले आहे. न खाल्लेला घास हेच तिच्या अधिकाराचे चित्र. आमची कसोटी एवढ्या पूर्णपणे उतरलेली दुसरी जुनी कथा आम्हांस आढळली नाही. परंतु कथेचा शेवट पाहा : राजा त्या मुलाची पाषाणमूर्ती घडवतो आणि दरवर्षी तेथे गजोत्सव भरू लागतो. मूर्ती मुलाची, उत्सव मुलाचा. आईचे शिल्प कोणी केले नाही. मातृभक्तीचा गौरव करताना माता मागे राहावी, हा आपल्याकडील मोठा जुना प्रघात दिसतो.

आणि आता घराकडे. गोव्यात, विशेषतः डिचोली व सत्तरीच्या गावांत, गजलक्ष्मीचे जुने शिलापट ठिकठिकाणी आहेत. मध्ये देवी, दोन्ही अंगांना हत्ती, त्यांच्या उंचावलेल्या सोंडांत घट आणि देवीवर अभिषेक. हिलाच आमच्याकडे केळबाय म्हणतात. डिचोली तालुक्यातील मुळगावची केळबाय सर्वांच्या परिचयाची आहे. शिरगावची लईराई, मये येथील महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणींच्या कथेत तिचे नाव घेतले जाते. सांची-भारहुतपासून चालत आलेली ही प्रतिमा. तिचे मूळ श्रीसूक्तात शोधतात, कारण हत्तींच्या आवाजाने जागी होणारी देवी अशी कल्पना तेथे आहे. हत्ती म्हणजे मेघ, घट म्हणजे पाऊस, देवी म्हणजे भूमी, हा अर्थ पंडितांनी सांगितला आहे आणि भात पिकवणाऱ्या लोकांना तो पंडितांशिवायही कळत होता.

आम्ही लहानपणापासून या देवीपुढे नारळ ठेवत आलो. परंतु त्या मुलीच्या चित्रानंतर एकदा शिलापटापुढे उभे राहिलो असता आम्हांस वेगळेच दिसले. देवी काहीच करीत नाही. ती बसलेली आहे. सारी हालचाल हत्तींची आहे, आणि ती हालचाल तिच्याकडे वळलेली आहे. सोंडा तिच्या मस्तकावर एकत्र येतात, पाणी तिच्याकडे येते, पाहणाऱ्याची नजरही सोंडांच्या वाटेने तिच्यापाशीच येऊन थांबते. शस्त्र नाही, युद्ध नाही, पायाखाली असुर नाही. महिषासुरमर्दिनीच्या शेजारी ही मूर्ती ठेवून पाहावी म्हणजे फरक कळेल. एकीचा अधिकार शत्रूच्या पतनाने सिद्ध होतो, दुसरीचा सोबत्यांच्या वळण्याने. कळपातील हत्तिणीचे जे मूक पुढारपण, त्याला शोभणारी रचना आमच्या गावच्या पाथरवटाला सापडली होती. हे विधान आमचे आहे, मूर्तिशास्त्राचे नव्हे. शिल्पकाराच्या मनात हत्तिणीचा कळप होता असा दावा आम्ही करीत नाही. रचना सापडली, पण तिच्या मध्यभागी बसली ती स्त्रीरूप देवी, आणि हत्ती सेवेला राहिले, एवढेच म्हणतो.

ही रचना आमच्या बायकांनी दगडाशिवायही जपली आहे. पौष महिन्यात पेडणे-डिचोलीच्या मांडांवर धालो होतात. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेस हात. वयस्क बाई ओळ उचलते व बाकीच्या ती पुढे नेतात. ती रांगेतच असते, रांगेबाहेर उभी राहत नाही. नवख्या माणसाला गाणे कोणी सुरू केले हे चटकन सांगता येत नाही आणि तरी गाणे बिघडत नाही. परीक्षकांसाठी व्यासपीठावर चढवलेले धालो आम्ही पाहिले आहेत. तेथे एकीला पुढे काढून ध्वनिक्षेपकाजवळ उभी करतात. मुख्य आकृती कळावी म्हणून! आमच्या शेऱ्याचाच तो मोठा भाऊ.

मराठी साहित्याकडे वळावे तर या विषयात आमचे दारिद्र्य जाणवते. मारुती चितमपल्लींनी मराठी वाचकाला रान वाचायला शिकवले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1982 मधील ‘सत्तांतर’ने वानरांच्या टोळीतील सत्तेचा खेळ माणसाचा मुलामा न देता लिहून दाखवला व त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु सत्तांतराला संघर्ष लागतो आणि संघर्ष हे कादंबरीचे अन्न आहे. हत्तिणीच्या कळपात सत्ता बहुधा वयाच्या चालीने, गाजावाजा न होता पुढच्या मादीकडे जाते. जेथे लढाई नाही तेथे लेखकाने लिहावे काय? एको हत्तिणीवरील चित्रपटाने याचे एक उत्तर दिले आहे. 1990 साली एकोला झालेल्या पिल्लाचे पुढचे पाय वळलेले होते, ते उभे राहू शकत नव्हते. एको व तिची मुलगी एनिड त्याच्याजवळ थांबल्या. ते गुडघ्यांवर सरकत होते आणि आई त्याच्या चालीने चालत होती. तिसऱ्या दिवशी ते उभे राहिले. कॅमेऱ्याने त्या प्रतीक्षेची घाई केली नाही, हे त्या कृतीचे श्रेष्ठत्व. थांबणे हीदेखील घटना असते, हे आमच्या कथाकारांनी तेथून उचलण्याजोगे आहे.

अलीकडे नीलगिरीच्या परिसरातील बेट्टकुरुंब, पणिया, काट्टुनायकन, सोलिग या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काटक्यांचे हत्ती घडवले. प्रत्येक हत्ती एका खऱ्या हत्तीवरून. 2021 मध्ये ते लंडनच्या बागांत उभे होते, 2024 मध्ये शंभरांचा कळप अमेरिकेत न्यूपोर्ट, न्यूयॉर्क व मायामी येथे फिरला. आम्ही ते केवळ छायाचित्रांत पाहिले आहेत, तेव्हा त्यांविषयी फार बोलणे योग्य नव्हे. पण दोन गोष्टी छायाचित्रांतही दिसतात. ज्या घाणेरीने रानातील चारा गिळला तिच्याच फांद्यांचे हे हत्ती आहेत. आणि त्यांना चौथरा नाही. माद्या, पिल्ले, नर सगळे गवतावर, माणसांच्या पातळीवर. पुतळा म्हटले की चौथरा आधी बांधणाऱ्या आपल्या मुलखाने याकडे लक्ष द्यावे.

कोणी म्हणेल, केळी मोडलेल्या बागायतदारापुढे ही सौंदर्यचर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून या पट्ट्याने पुष्कळ सोसले आहे. 2025 च्या एप्रिलात मोर्ले येथे हत्तीने एका वृद्ध शेतकऱ्याचा बळी घेतला. त्या घरासमोर गजलक्ष्मीचे पुराण सांगायला आम्ही जाणार नाही. परंतु कळपाचे पुढारपण कोणाकडे असते हे ज्याला ठाऊक नाही, तो वाट चुकलेल्या तरुण नरालाच कळप समजतो, त्याच्यावरच प्रेम करतो, त्याच्यावरच दगड मारतो, आणि ज्या म्हातारीच्या आठवणीवर उरलेल्यांची वाट ठरते तिच्याविषयी कोणी विचारीत नाही. 2025 च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण गुजरातेत नेली, तेव्हा कोल्हापूरकरांनी जे अश्रू ढाळले ते खरे होते. पण तीही कळपावेगळी, साखळीतली. रानातल्या हत्तिणीसाठी आपल्याजवळ अजून शब्दही नाही. ‘म्होरकी’ म्हणावे तर त्यात पुढे चालणे आले. ‘कुलमाता’ फार सोवळे वाटते. आमच्या गावची माणसे एकत्र घरातील थोरल्या बाईला नुसती ‘थोरली’ म्हणतात. तो शब्द चालेल असे आम्हांस वाटते, कोणास याहून बरा सुचल्यास जरूर कळवावा.

त्या चित्राची श्रेणी आम्ही बदलवून घेतली. चित्रकलेच्या शिक्षकांशी अर्धा तास वाद झाला. मधल्या हत्तिणीपुरते त्यांनी मान्य केले आणि ‘क’ खोडून ‘ब’ लिहिले. ‘अ’ द्यायला ते तयार झाले नाहीत. मुलीने काढलेले बांबू उसासारखे दिसतात, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे.